धरणारं माणूस

धुलाईच्या कारखान्यात टॉवेल विरले की त्यांचं बोचकं बांधून ठेवायचं आणि आठवड्याला एकदा मांजरांच्या आसऱ्याला पोचवायचं, ही ताईने लावून दिलेली पद्धत. ताई तिथे आजारी मांजरांच्या खोलीत कामाला होती. ती गेल्यापासून बोचकी कोपऱ्यात साठत गेली. शेवटी मुकादम म्हणाला, "धाकट्या, हे उचल, नाहीतर बॉयलरमध्ये टाकतो."

"टाकून बघ," धाकटा म्हणाला, आणि सगळ्यात मोठं बोचकं खांद्यावर मारून तडक निघाला.

त्याला सगळे धाकटाच म्हणायचे. ताईचा धाकटा भाऊ, एवढीच त्याची ओळख. शाळा लवकर सुटली, ताई सुटली नाही. आणि मग एक साधा ताप तिच्या छातीत उतरला. शेवटी शेवटी ती दवाखान्यात काचेपलीकडे होती आणि याला आत सोडलं नाही. तेव्हापासून कुणी काही सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं. मामा म्हणाले, खोली सोड, आमच्याकडे ये. नाही. तिचे कपडे तरी कुणाला दे. नाही. तिच्या चपला दारात होत्या त्या दारातच राहिल्या.

आसऱ्यात फिनाईलचा वास नाकात बसला. आजारी मांजरांच्या खोलीतले पिंजरे रिकामे होते. फक्त टोकाच्या पिंजऱ्यात एक काळापांढरा बोका भिंतीकडे तोंड करून बसला होता. पाठीचा कणा मोजून घ्यावा असा वर आलेला. ताईने त्याचं नाव पैलवान ठेवलं होतं.

"मूत्रपिंडं गेलीत त्याची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. एकाने धरायचं, एकाने टोचायचं. तुझी ताई धरायची. तिच्या हातात हा लोणी व्हायचा." त्या रिकाम्या पिंजऱ्यांकडे वळल्या. "ही खोली बंद होतेय रे. बाकीच्यांना घरं मिळाली. याला नाही मिळालं तर झोपवावं लागेल."

"मारावं लागेल म्हणा ना."

"बरं. मारावं लागेल."

"मी नेतो."

"एकट्या माणसाला देता येत नाही. नियम आहे, आणि नियम बरोबर आहे. धरणारं माणूस नसलं की लोक आज चुकवतात, उद्या चुकवतात, आणि जनावर हाल होऊन मरतं."

मग धाकट्याने घर शोधायला सुरुवात केली. कारखान्यात विचारलं. टेम्पोवाला म्हणाला, "मरायला टेकलेल्या मांजराला घर? अरे, मला चालताबोलता असून मिळेना." खालच्या मजल्यावरची शिक्षिका म्हणाली, आमच्याकडे पडदे नवीन आहेत. मामी म्हणाल्या, आधी स्वतःचं बघ. एका म्हाताऱ्या जोडप्याने होकार दिला, सुई बघितली, आणि चहा न विचारता दार लावलं.

त्याचं तोंड नेहमी डोक्याच्या पुढे धावायचं. तो डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि म्हणाला, "माझ्याकडे मावशी राहायला आलीय. झाली की दोन माणसं."

"घर बघायला नव्या बाई येतील," त्या म्हणाल्या. "दुसरं माणूस त्यांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे."

"दिसेल."

मावशी म्हणजे कारखान्यातली इस्त्रीवाली. ती खोटं बोलायला एका पायावर तयार झाली. "पण मला त्या बोक्याला हात लावायला सांगू नकोस हं. मी नुसती मावशी. हात न लावणारी."

ठरल्या दिवशी नेमकं मोठं यंत्र अडकलं. ओल्या चादरींचा गोळा आत बसला, तो उपसता उपसता धाकट्याला उशीर झाला. तो धावत घरी पोचला तेव्हा घर बघणाऱ्या बाई जिना उतरत होत्या. जाड भिंगाचा चष्मा, काखेत पिशवी, पुढच्या घराची घाई.

"झालं बघून," त्या म्हणाल्या. "जागा लहान आहे, पण माणसं आहेत घरात. तेच महत्त्वाचं. उद्या घेऊन जा त्याला."

मावशीच्या नावाने मनातल्या मनात टाळी वाजवत धाकटा दोन दोन पायऱ्या चढला.

दाराला कुलूप होतं.

किल्ली त्याच्याच खिशात होती. दुसरी किल्ली ताईच्या पर्समध्ये, आणि पर्स आत, खुंटीला. तो कुलपाकडे बघत उभा असतानाच फोन वाजला.

"धाकट्या, मी अजून स्टॉपवरच रे," मावशी म्हणाली. "बसच आली नाही. बाई आल्या का? काय सांगितलंस?"

"काही नाही," तो म्हणाला. "झालं काम."

त्याने दार उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. फक्त टेबलाजवळची खुर्ची बाहेर ओढलेली होती, आलेल्या माणसाला बसायला द्यावी तशी.

भीती वाटायला हवी होती. पण धाकट्याच्या पोटातून जे वर आलं ते हसू होतं. काचेपलीकडे गेलेली माणसं परत येत नाहीत, असं सगळ्यांनी त्याला बजावून बजावून सांगितलं होतं. "आता या म्हणावं सांगायला," तो मोठ्याने म्हणाला, आणि खुर्ची तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी पैलवान घरी आला.

सलाईनची बाटली त्याने कपाटाच्या कडीला टांगली. बोक्याला टॉवेलात गुंडाळलं, मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलली, आणि सुई टेकताच पैलवान खराखुरा पैलवान झाला. टॉवेल एकीकडे, सुई दुसरीकडे, धाकट्याच्या हातावर रक्ताच्या रेघा. पुन्हा गुंडाळलं. पुन्हा तेच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई," तो म्हणाला, "नुसती बघतेस काय? धर की."

टॉवेलाचं सुटलेलं टोक पलीकडून ताणलं गेलं.

हळूच. मग घट्ट. बोका मुडपून गप्प झाला, कुणीतरी दोन्ही बाजूंनी दाबून धरल्यासारखा. धाकट्याने सुई टोचली. बाटलीतून थेंब पडू लागले. खोलीत एक वास आला, ओलं कापड बंद पेटीत राहिलं की येतो तसा. ताईला साबणाचा वास यायचा. पण टॉवेल कारखान्यातले, असेल त्यांचाच, असं त्याने ठरवून टाकलं.

पैलवानाची नजर मात्र एका जागी नव्हती. आधी त्याने धाकट्याच्या खांद्याच्या उंचीला बघितलं, ताईचं डोकं जिथे यायचं तिथे. मग डोळे सावकाश वर चढले. आणखी वर. पार छताजवळ जाऊन थांबले. पाल असेल, धाकटा म्हणाला.

रोज संध्याकाळी असंच चालू राहिलं. तो टोचायचा, पलीकडून कुणीतरी धरायचं. सलाईन चालू असताना तो कारखान्यातल्या गोष्टी सांगायचा. मुकादमाने स्वतःचीच बोटं कशी पोळून घेतली, टेम्पोवाल्याचं लग्न परत कसं मोडलं. उत्तर कधी आलं नाही. पण बोका खायला लागला. कण्यावर थोडं मांस चढलं. मामांनी फोनवर विचारलं, "अजून एकटाच राहणार का तू?" धाकटा म्हणाला, "एकटा कुठे?"

मग एका दुपारी घर बघणाऱ्या बाई सलाईनच्या बाटल्या द्यायला आल्या. पैलवानाला बघून त्या चाटच पडल्या. त्याच्या पोटाखाली हात घालून वजनाचा अंदाज घेतला, खूश झाल्या. मग इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "ताई कुठे गेल्या? बऱ्या आहेत ना आता?"

"कुठल्या ताई?"

त्यांनी फळीवरच्या फोटोकडे बोट केलं. "या. यांनीच तर दार उघडलं होतं मला."

धाकट्याचा ऊर भरून आला. त्याने मान हलवली.

"आणि त्या दुसऱ्या?" बाई म्हणाल्या. "त्या मावशी का?"

"दुसऱ्या… कोण?"

"यांच्या मागे उभ्या होत्या त्या. उंच. केवढ्या उंच हो, चौकटीतून वाकूनच पुढे आल्या. तोंड नीट दिसलं नाही मला, उजेड मागून येत होता. ताईंना दोन्ही दंडांना असं धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आजारी दिसतात, उभं राहवत नसेल."

"ताई… काही बोलली?"

"नाही. नुसती मान हलवत होत्या. नाही, नाही, अशी. म्हणून मी विचारलं, बोका नकोय का तुम्हाला? तर मागून त्या मावशीच म्हणाल्या…" बाईंनी आठवून बघितलं. "म्हणाल्या, आणा. भावाला करमत नाही इथे. त्याला इथेच राहू दे."

बाई गेल्या. धाकटा खुर्चीत बसून राहिला. ताई म्हणत होती, नाही. तिला माहीत होतं, बोका आला की हा खोली सोडणार नाही. खोली सोड, असंच तर मामाही म्हणत होते. दार चार पावलांवर होतं. दारात ताईच्या चपला होत्या.

त्या चपलांकडे बघता बघता त्याचं डोकं तापलं. ती काचेपलीकडे असताना त्याला हाकललं होतं. तेव्हा तो गेला होता. नर्स म्हणाली जा, आणि तो गेला होता.

"आता नाही," तो म्हणाला.

त्याने दाराची कडी आतून लावली, बाटली टांगली आणि पैलवानाला टॉवेलात गुंडाळलं. बाहेर अंधार पडत होता. ओल्या कापडाचा तो वास भिंतींमधून निथळल्यासारखा खोलीत उतरला.

एवढे दिवस बोका धरून धरून त्याला एक गोष्ट कळली होती. धरणाऱ्याला दोन्ही हात लागतात. एक जरी काढला तरी जनावर निसटतं. म्हणजे टॉवेल धरलेला असेपर्यंत ताईचे दंड मोकळे.

"धरायची हौस आहे ना तुला?" तो म्हणाला. आवाज फाटला, पण थांबला नाही. "मग हे धर. नीट धर. दोन्ही हातांनी."

टॉवेलाचं टोक त्याने पुढे केलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ते ताणलं गेलं. आज इतकं जोरात की बोका कण्हला. धाकट्याने सुई टोचली. थेंब पडू लागले.

आणि मागे, मोरीजवळ, नळ सुटला. पाणी हातांवर पडल्याचा आवाज. साबणाची वडी घसरली. कुणीतरी सावकाश, अगदी सावकाश हात धूत होतं, कामावरून आल्यावर ताई धुवायची तसे, कोपरापर्यंत. साबणाचा वास त्या कुजकट ओलीला चिरत त्याच्यापर्यंत आला.

तो वळला नाही. वळला तर हात हलला असता.

"ताई," तो म्हणाला, "जा. दार… नको, दार तुला कशाला लागतंय. तू जा. मी धरून ठेवतो हिला."

पाणी वाजत राहिलं. त्याने नळीवरची चकती फिरवली आणि थेंब हळू केले, जेवढे होतील तेवढे हळू. तरी शेवटचा थेंब पडलाच. नळ बंद झाला. खोलीत साबणाचा वास नुसता रेंगाळला, आणि विरला.

टॉवेल अजून ताणलेलाच होता.

"उद्याही देणार," धाकट्याने समोरच्या अंधाराला सांगितलं. "परवाही. मरू देत नसतो मी याला. बघू कोण आधी दमतं."

टॉवेलाचं टोक सुटलं. ते खाली पडलं नाही, कुणीतरी नीट ठेवल्यासारखं त्याच्या मांडीवर येऊन टेकलं. पैलवानाने अंग झाडलं, आणि कान मागे पाडून वर बघितलं.

आज त्याने मोरीकडे बघितलं नाही. दाराकडेही नाही. तो धाकट्याकडे बघत होता. धाकट्याच्या डोक्याच्या वीतभर वर.

धाकट्याच्या दोन्ही दंडांना काहीतरी गार, ओलसर टेकलं.

"ये," धाकटा म्हणाला, आणि बोक्याला घट्ट धरलं.