उतरताना कार्ड टेकवा

ही गोष्ट मला कुणी पाठवलेली नाही. अर्धी माझ्या सख्ख्या मावसभावानं सांगितली आणि उरलेली मी माझ्या या दोन कानांनी ऐकली. शिवऱ्याला हायवेच्या कडेला माझी चहाची टपरी आहे. खोटं बोलून माझे चार कप जास्त खपणार नाहीत. तेव्हा पटलं तर घ्या, नाहीतर पुढं सरका.

आणि आधीच सांगून ठेवतो. यात अमावस्या नाही. मध्यरात्र नाही. वडाचं झाड तर नाहीच नाही.

भर दुपार आहे. लख्ख ऊन आहे. आणि माणसांनी भरलेली एसटी आहे.

गेल्या वर्षीचा पौष महिना. शनिवार. भोरहून वेल्ह्याला साडेतीनला सुटणारी गाडी.

त्या गाडीवर माझा मावसभाऊ धनाजी कंडक्टर होता.

त्याची आई सगुणाबाई, म्हणजे माझी मावशी. मार्गासनीला त्यांचं घर. शेतातली शेपू-मेथी गाठोड्यात बांधून मावशी रोज भोरच्या स्टँडवर विकायला बसायची. लेकाच्याच गाडीनं यायची, लेकाच्याच गाडीनं जायची. खिडकीजवळची दुसरी सीट तिची. तिथं दुसरं कुणी बसलं की मावशीचं तोंड सुटायचं.

जुना स्टँड पाडला तेव्हा तिचा दगडी कट्टा गेला. नव्या स्टँडला चकचकीत फरशी आली. स्टीलच्या खुर्च्या आल्या. लाल अक्षरं पळवणारी पाटी आली. मावशी त्या खुर्चीवर एकदाच बसली आणि ताडकन उठली.

"बूड गार पडतंय रं!" म्हणाली, आणि फरशीवर पोतं अंथरून बसली.

मग कार्डं आली. गाडीच्या दारातल्या दांड्यावर एक मशीन बसवलं. चढताना कार्ड टेकवायचं, टिंग. उतरताना टेकवायचं, टिंग. आत किती माणसं बसलीत त्याचा आकडा मशीनवरच दिसायचा. धनाजीनं पहिलं कार्ड आईचं काढलं. मावशी चढताना बरोबर टेकवायची. उतरताना हमखास विसरायची. पार खाली रस्त्यावर पोचायची, आणि धनाजी दारातून ओरडायचा, "आई, उतरताना टेकव गं! न्हाईतर मशीनला वाटंल तू आतच हायस!"

"उतरले की रं!" मावशी खालूनच म्हणायची. अख्खी गाडी हसायची.

मार्गशीर्षात मावशी गेली. सकाळी शेपू निवडता निवडता कलंडली. अर्धी निवडलेली जुडी सुपातच राहिली.

धनाजी रडला नाही. लोक म्हणाले, पोटात ठेवतोय. पण पोटातही काही नव्हतं. मला म्हणाला, "दात काढताना गाल बधिर करत्यात ना, तसं समदं अंग झालंय. काईच वाटंना."

आता जरा नीट ऐका. खरी गोम इथं आहे.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. अस्थी गाडीनं न्यायच्या झाल्या तर मेलेल्या माणसाचंही तिकीट काढायचं. त्याच्याच पैशातून. आणि ते तिकीट अस्थींबरोबर पाण्यात सोडायचं. म्हणजे त्याचा प्रवास तिथं संपला. परत यायचं नाही.

अस्थी वाईला कृष्णेच्या घाटावर न्यायच्या होत्या. भोरच्या नव्या स्टँडवर वाईची गाडी लागली. मावशीचेच पैसे म्हणजे मावशीचंच कार्ड. धनाजीनं चढताना ते टेकवलं. टिंग.

वाईला उतरताना ही गर्दी. धनाजीच्या दोन्ही हातांत मडकं. त्याच्या बायकोनं, रत्नावहिनीनं, दोघांची कार्डं टेकवली. मावशीचं कार्ड धनाजीच्या खिशात होतं.

ते टेकवायचं राहिलं.

घाटावर पाण्यात सोडायला कागदाचं तिकीटच नव्हतं. वहिनी म्हणाली, "कार्डच सोडा की."

"एसटीचं कार्ड हाय ते. पाण्यात टाकत्यात व्हय?" धनाजी म्हणाला. वीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. खिशातून काढलं, पुसलं, परत ठेवलं.

दहाव्याला कावळा पहिल्या फटक्यात शिवला. सगळे म्हणाले, म्हातारी समाधानानं गेली.

तेरावं झालं. धनाजी कामावर हजर झाला.

पहिल्याच दिवशी भोरला गाडी सुटायच्या आधी त्यानं माणसं मोजली. अठरा. मशीनकडं बघितलं…

एकोणीस.

परत मोजली. अठराच. ड्रायव्हर भिमा पुढून ओरडला, "एखादं पोर मांडीवर आसंल की!"

गाडीत पोर नव्हतं.

धनाजीनं खांदे उडवले. नवं मशीन, करतंय काहीतरी. डबल बेल दिली.

दुसऱ्या दिवशी बावीस माणसं. मशीनवर तेवीस. तिसऱ्या दिवशी गाडी खच्चून भरली. माणसं दांड्याला लोंबकळत होती. आणि मशीन राहिलं बाजूला…

खिडकीजवळची दुसरी सीट रिकामी होती.

कुणी बसतच नव्हतं. कॉलेजातली प्रेरणा, नसरापूरची, रोजची पोरगी. तिच्या पाठीवर हे भलंमोठं दप्तर. धनाजी म्हणाला, "बस की गं तिथं."

ती टेकली. आणि लगेच उठली.

"नको काका," म्हणाली. "हितं कुणीतरी बसलंय ना?"

"कोण?"

पोरगी सीटकडं बघत राहिली. तिलाही सांगता येईना. नसरापूरपर्यंत उभ्यानं गेली.

ती उतरल्यावर धनाजी त्या सीटपाशी गेला. वाकला…

शेपूचा वास.

त्या दिवशी गाडीत कुणाकडंही भाजी नव्हती.

एखादा असता तर तिथंच त्याची बोबडी वळली असती. धनाजीला काही वाटलं नाही. उभा राहिला आणि पुढची तिकिटं फाडायला, म्हणजे आता काय फाडायचं म्हणा, बटणं दाबायला लागला. मला हे सांगतानाही त्याचा आवाज वर-खाली झाला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मग बेल सुरू झाली.

पावणेपाचच्या सुमाराला गाडी मार्गासनीजवळ आली की एक बेल. एक बेल म्हणजे थांबा. धनाजीचा हात दोरीवर नसायचा. भिमा गाडी थांबवायचा. दार उघडं. कुणी उतरायचं नाही. कुणी चढायचं नाही. समोर ऊन, आणि धनाजीच्या घराकडं जाणारी पायवाट.

"कुणाला उतरायचंय?" भिमा विचारायचा.

माणसं एकमेकांकडं बघायची.

चार दिवस असं झालं. पाचव्या दिवशी भिमानं मागं वळून बघायचंच सोडलं. नुसता थांबायचा, मनात दहा मोजायचा आणि निघायचा. त्याच्या आरशाला मारुतीचा शेंदूर लागला होता.

शुक्रवारी धनाजी स्टँडवरच्या कार्डांच्या खिडकीत गेला. तिथं शेफाली नावाची मुलगी बसायची. कंडक्टर लोकांना मशीन तिनंच शिकवलं होतं. धनाजीनं मशीनचं सगळं सांगितलं. सीटचं सांगितलं नाही. मग खिशात होतं म्हणून आईचं कार्ड पुढं सरकवलं. "हे पण बघ जरा."

शेफालीनं कार्ड लावलं. पडद्याकडं बघितलं. कपाळाला आठी पडली.

"काका, या आजी अजून गाडीतच आहेत."

धनाजी पडद्याकडं बघायला वाकला.

"म्हणजे उतरताना कार्ड टेकवलेलंच नाही हो. भोरला चढल्या, वाईला निघाल्या, पुढं काहीच नाही. तेवीस दिवस प्रवास चालूच दाखवतंय." तिनं परत बघितलं. "पण हा प्रवास वाईच्या गाडीवरचा. तुमच्या गाडीच्या मशीनवर त्या दिसायला नकोत…"

"मग करायचं काय?"

"टेकवायचं कुठंतरी. जिथं टेकवाल तिथं त्या उतरल्या असं धरतं. वाईला जाऊनच टेकवा, म्हणजे बरोबर होईल. आणि एकदाच हं काका. मुदत संपलीय. प्रवास पूर्ण झाला की कार्ड कायमचं बंद पडणार. आजी येतील ना परत नवीन कार्ड काढायला?"

"बघू," धनाजी म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं वहिनीला सगळं सांगितलं. सीट, वास, बेल, सगळं. वहिनीनं तोंडाला पदर लावला.

"अवो, आपली चूक झाली," ती म्हणाली. "आपण त्यांना अर्ध्या वाटंत सोडलं. रविवारी वाईला चला. घाटावर उतरवू त्यांना. सुटू द्या."

"व्हय," धनाजी म्हणाला. "सुटली पायजे."

ते ठरलं. खरंच ठरलं होतं.

मधे फक्त शनिवार होता.

शनिवारी साडेतीनला गाडी सुटली. माणसं एकवीस. मशीनवर बावीस. खिडकीजवळची दुसरी सीट रिकामी. कापूरहोळ गेलं. नसरापूर गेलं. ऊन तिरकं झालं. त्या सीटवर खिडकीची सावली पडली होती. धनाजी म्हणतो, त्या सावलीत गजांच्या मधे आणखी एक सावली होती… जराशी वाकलेली. गाठोड्यावर हात ठेवल्यासारखी.

मार्गासनी आलं.

एक बेल.

भिमानं गाडी थांबवली. पुढंच बघत बसला.

धनाजी दारात उभा होता. समोर पायवाट. टोकाला घर दिसत होतं. अंगणात मावशीचं पोतं अजून वाळत घातलेलं होतं. कुणी काढलंच नव्हतं.

आणि त्याला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. इतके दिवस बधिर झालेलं सगळं एकदम ठणकायला लागलं. उद्या वाई. उद्या ही सीट रिकामी होणार, म्हणजे खरीच रिकामी होणार. कुणीही येऊन बसणार.

त्यानं खिशातून कार्ड काढलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "घर आलं. उतर."

आणि कार्ड टेकवलं.

टिंग.

बावीसचे एकवीस झाले. त्याच्या कोपराला लुगड्याचा काठ घासून गेला. अगदी चुटपुटता. मग खाली रस्त्यावरून, उन्हातून, जिथं कुणीच नव्हतं तिथून…

"उतरले की रं."

भिमानं झटकन मान वळवली. "कोण बोललं?"

धनाजीनं डबल बेल दिली.

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा रत्नावहिनी अंगणात उभी होती. आत जायला तयार नव्हती. हातानं नुसतं स्वयंपाकघराकडं दाखवलं.

चुलीपाशी सूप होतं. सुपात शेपूची जुडी. ताजी, ओली. पूर्ण निवडलेली.

मावशी गेल्यापासून त्यांच्या शेतात शेपू पेरलीच नव्हती.

"तुमी काय केलंत?" वहिनीनं विचारलं.

"घर आलं हुतं गं. बेल वाजली. म्या आईला न्हाई कसं म्हणू?"

"जित्यापणी म्या त्यांचं समदं केलं. कधी उलटून बोलले न्हाई. पण गेलेलं माणूस घरात ठिवत न्हाईत, अवो. उद्याच्याला वाईला चला."

धनाजीनं कार्ड तिच्या हातात दिलं. "बंद पडलंय. आता कुठंच चालत न्हाई."

तीन दिवस वहिनीनं काढले. चौथ्या दिवशी ती भोंगवलीला माहेरी निघून गेली. काय बघितलं, कुणालाच सांगितलं नाही. मलाही नाही. एवढंच म्हणाली, "भावजी, त्या वाईट न्हाईत. पण त्या आता बोलत न्हाईत. नुसत्या हायेत."

चैत्रात मी मार्गासनीला गेलो. सकाळी नऊची वेळ. म्हटलं, दादाला समजवावं, वहिनीला परत आणावं. धनाजी वाळला होता. बोलणं नीट, कपडे इस्त्रीचे, डोळ्यांत काही नाही. परत तसाच बधिर.

चहा आणला. तीन कप.

आम्ही दोघं होतो.

तिसरा कप भिंतीपाशी ठेवला होता. मी तिकडं बघायचं टाळलं. वहिनीचा विषय काढला, तर म्हणाला, "तिला सांग, आईला कुठं धाडू आता? जायचं कसं तिनं?"

तुमच्याकडं उत्तर असलं तर सांगा.

त्याच्या गाडीची वेळ झाली. निघताना मी बघितलं, तिसरा कप रिकामा होता. मी घाईघाईनं चपला घातल्या. धनाजी माझ्यामागून बाहेर आला. दार नुसतं ओढून घेतलं.

"दादा, कुलूप?"

"कशाला? आई हाय की."

दाराकडं तोंड करून म्हणाला, "येतो गं."

आम्ही दोघं अंगणात होतो. चांगलं ऊन पडलं होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं.

आतून कडी लागली…

हळू. नीट. माणूस लावतं तशी.

"चल," धनाजी म्हणाला. "गाडी चुकंल."

गाडीत बसेपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही. धनाजी मात्र गाडीच्या दारात उभा राहून घराकडं बघत होता. आणि हात हलवत होता.