क्लॅरनेट थांबल्यावर

आपली बायको पंचफुला गेल्याचं भुजंगला सकाळी कळलं. लातुरात आपल्या दुकानापुढं बसून तो लाउडस्पीकरच्या भोंग्याला पडलेली चीर डांबरानं बुजवत होता. रस्त्यावर घागरींची रांग लागली होती. टँकर यायचा होता, पण त्याच्या आधी धोंडप्पाचा टेम्पो आला. टेम्पोत ढोल, हार्मोनियमची पेटी, गुंडाळलेल्या सतरंज्या, आणि मधोमध चादरीखाली ती.

धोंडप्पा गायन पार्टीचा मालक. पंचफुला त्याच्या पार्टीत गायची. तो खाली उतरून म्हणाला, "भुजंग, धीर धर. धर्माबादला काल दुपारी ऊन लागलं तिला. डॉक्टरकडं नेईस्तोवर संपलं."

"काल दुपारी? मग इतका वेळ काय करून राहिलात?"

"लग्नाचा कार्यक्रम होता ना. संध्याकाळी तो पुरा केला अन् निघालो." मोठं पुण्याचं काम केल्यासारखं तो बोलला.

"गायलं कोण?"

धोंडप्पा घागरींच्या रांगेकडं बघू लागला. क्लॅरनेट वाजवणारा व्यंकटी टेम्पोतच बसून होता. तो तिथूनच म्हणाला, "वैनीच गायल्या, दादा."

भुजंगनं त्याला हाताला धरून खाली ओढलं आणि थोबाडीत मारली. व्यंकटीनं हात वर केला नाही की मान वळवली नाही.

मातीचं सगळं आटोपल्यावर भुजंग धर्माबादला गेला. त्याचा हिशेब साधा होता. यांनी आजारी बाईला गायला लावून मारलं आणि आता वेळ मागंपुढं करून राहिलेत. पण डॉक्टर म्हणाला, आणली तेव्हाच जीव नव्हता, ऊन डोक्यावर होतं. लग्नघरची सरजाबाई म्हणाली, "संध्याकाळी लई गोड गायल्या हो बाई. दिसल्या मात्र न्हाईत. पडद्यामागं बसल्या असतील."

दोघांनाही खोटं बोलायचं कारण नव्हतं. भुजंगला त्याचाच जास्त राग आला.

पंचफुलाचं गाणं चोरण्यासारखं नव्हतंच. तिचा बाप पूर्णा जंक्शनला रेल्वेच्या क्लबात राखणदार होता. तिथं अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांचा नाच व्हायचा आणि झग्यातली एक जाडजूड बाई जाझ गायची. लहानगी पंचफुला खिडकीखाली बसून ऐकायची. इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून तिनं शब्द सोडले आणि आवाज तेवढा उचलला. घरी आई जात्यावर ओव्या म्हणायची. वस्तीत भीमगीतं आणि कव्वाल्या असायच्या. सगळं तिच्या गळ्यात एक झालं. ठेक्याच्या जरा मागं राहून ती गायची आणि शेवटच्या घटकेला ठेका गाठायची. निलंग्याला पहिल्यांदा गायली तेव्हा एक म्हातारा ओरडला, "बाई, गाणं इसरली काय?" ती माइकवरूनच म्हणाली, "इसरले न्हाई, मामा. तुमच्या मागून येऊन राहिले." सारा मंडप हसला.

तिची आणि व्यंकटीची एक रीत होती. व्यंकटी क्लॅरनेटवर एक तुकडा वाजवून थांबायचा. त्या रिकाम्या जागेत ती बिनशब्दांचं उत्तर द्यायची. तो पुन्हा विचारायचा, ती पुन्हा उत्तर द्यायची. लोक त्यासाठीच यायचे.

"सवयीनं थांबलो, दादा," धर्माबादच्या त्या संध्याकाळचं व्यंकटीनं नंतर सांगितलं. "अन् उत्तर आलं."

त्या साली पाऊस नुसतं तोंड दाखवून गेला. विहिरींचे तळ उघडे पडले. लग्नं साधी झाली, पण धोंडप्पाचे कार्यक्रम वाढले. दुसरी गाणारी त्यानं आणली नाही. पार्टीच्या फळ्यावर अजून 'पंचफुलाबाई आणि पार्टी' असंच लिहिलेलं होतं.

उदगीरच्या कार्यक्रमाला भुजंगनं स्वतःचं लाउडस्पीकरचं मशीन लावलं. कुठं टेपरेकॉर्डर दडवला असेल म्हणून पेटी उघडून पाहिली, सतरंज्या झटकल्या, पडद्यामागं हात फिरवला. काही नव्हतं. क्लॅरनेटपुढं एकच माइक ठेवून तो मशीनपाशी बसला.

व्यंकटी वाजवून थांबला.

भुजंगला एक पोर खोकलेलं ऐकू आलं. मंडपाचं कापड फडफडलं. बाकी काही नाही. पण मशीनवरचा आवाज मोजणारा काटा वर चढला आणि तिथंच थरथरत राहिला, ती सूर लांबवायची तेव्हा राहायचा तसा. समोर माणसं डोळे मिटून डोलत होती. एक बाई पदरानं डोळे पुसत होती.

त्यानं माइकची वायर उपसली.

"अरं ए मशीनवाल्या!" मागून कुणीतरी ओरडलं. "बाईचा आवाज कामून बंद केलास?"

भुजंग उठून उभा राहिला. "मी नवरा हाय तिचा!" तो ओरडला. "तुम्हाला ऐकू येती, मग मला कामून न्हाई?"



श्रावणात लातूर जिल्हा झाला. गंज बाजारातल्या मंडळानं भर सकाळी कार्यक्रम ठेवला. पाणी नव्हतं, पण टँकरला आंब्याचे डहाळे आणि झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. भुजंग थेट धोंडप्पाकडं गेला.

"फळ्यावरचं नाव पूस. मेलेल्या माणसाला राबवून राहिलास तू. लाज न्हाई?"

"लोकांना ऐकू येतं त्याला मी काय करू? तू बस न्हाईतर घरी जा."

तो गेला नाही. शेजारची म्हातारी गुणाबाई बायकांच्या कडेला बसली होती, तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. आज मशीन दुसऱ्याचं होतं. आज त्याला नुसतं ऐकायचं होतं.

व्यंकटी वाजवून थांबला.

भुजंगनं श्वास धरला. टँकरच्या तोटीतून थेंब पडत होते, ते त्याला ऐकू आले.

मग बायका हसल्या. तोंडाला पदर लावून त्याच्याकडं बघू लागल्या. पुरुषही वळले. कुणीतरी म्हणालं, "वा रे नशीबवान!"

"काय झालं, मावशे?"

"अरं भुजंगा, नाव घेऊन राहिली तुझं," गुणाबाई म्हणाली. "भर माइकवर!"

इतक्या वर्षांच्या संसारात पंचफुलानं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. 'ऐकलं का' म्हणायची, तेवढंच.

"काय म्हणती?"

"नुसतं नाव घेती. अन् थांबती. मग पुन्हा घेती." गुणाबाईचं हसू गेलं. "तू काय म्हणतो ते ऐकायला थांबून राहिली, बाबा."



माणसांच्या नजरा मंचावर होत्या. त्या खाली आल्या. पायऱ्यांवर आल्या. सतरंजीवर आल्या.

पुढच्या बायकांनी लुगडी आवरून वाट दिली. मग त्यांच्या मागच्यांनी.

गुणाबाई सरकली आणि भुजंगच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

व्यंकटीनं पुन्हा क्लॅरनेट तोंडाला लावलं. वाजवलं, थांबला, आणि खूप वेळ थांबला. लोक एकमेकांकडं बघू लागले. मंचावरून आता कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धोंडप्पा दारात येऊन भांडला. "माझी पार्टी बसली! तिला घरी कामून घेऊन आलास?"

"मी कुणाला आणलं न्हाई. तुला दिसती का?"

धोंडप्पानं उघड्या दारातून आत पाहिलं. मग चपला हातात घेऊन तो निघून गेला.

आता गुणाबाई दिवसातून कैकदा भिंतीपलीकडून सांगते, "भुजंगा, बाबा, हाक मारून राहिली. ओ दे की तिला. किती वेळ उभी राहील?"

"सगळ्या दुनियेनं ऐकलं," भुजंग म्हणतो. "मला ऐकू येऊ दे, मग देईन."

काल गुणाबाई म्हणाली की आवाज आता दाराकडून येत नाही, चुलीपासून येतो. आणि पूर्वीसारखा गोडही राहिलेला नाही.

भुजंगनं अजून ओ दिलेली नाही.