विलायती फटफटीचं इंजिन

जवळ सरका. हे नाक्यावरच्या आपल्या मिस्त्रीवर गुदरलेलं आहे. त्याला विचारलंत तर तो विषय बदलेल, म्हणून माझ्याकडूनच ऐका.

मागच्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. दिवेलागणीला एका तरुणाने टेम्पोतून जुनी ब्रिटिश फटफटी गॅरेजात आणून उतरवली. त्याचा बाप नुकताच वारला होता.

"इंजिन सगळं सुटं करा, काका. एकेक भाग विकायचाय."

"अरे, चांगली धडधाकट गाडी आहे!"

"बाबांनी जन्मात कुणाला हात लावू दिला नाही हिला. आईपेक्षा हिला जपलं. आता होऊ देत तुकडे."

मिस्त्रीला ते खटकलं. पण गिऱ्हाइकाच्या घरात आपण कशाला नाक खुपसा? जेवण उरकून तो परतला. शटर अर्धं ओढून कामाला लागला.

तेल काढायला खालचा बोल्ट सैल केला, तर हाताला चटका बसला. दिवसभर बंद असलेली गाडी, आणि तेल कढत. "उन्हात राहिली असेल," तो पुटपुटला. डिसेंबरातलं ऊन ते!

वरचे नट सोडायला घेतले. दोन सोडले. तिसऱ्याला पाना लावला, तर पहिला पुन्हा घट्ट. त्याने जोर लावला. पलीकडून कुणीतरी उलटा जोर लावत होतं... पाना निसटला आणि थेट तोंडावर बसला. ओठ फुटला.

मिस्त्री पेटला. "तू हट्टी, तर मी तुझा बाप!"

इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उचकटलं. सिलिंडर उपसलं. उरला नुसता उघडा पिस्टन. त्याच्याखाली फडकं सारताना उजवा अंगठा इंजिनाच्या खालच्या पेटीच्या कडेवर टेकला.

पिस्टन खाली आला.

कुणी फिरवला नव्हता.

अंगठा चिमटला. ओढला. सुटेना. पिस्टन दाबतच राहिला... सावकाश. मग अगदी कानाशी एक पुरुषी आवाज...

"हात काढ."

"काढू कसा? सोड!"

पिस्टन आणखी रुतला.

"हात... काढ."

हाड करकरलं. मिस्त्री किंचाळला, "जोडतो! होती तशी जोडून देतो!"

पिस्टन वर गेला.

रक्ताळल्या हाताने त्याने रातोरात इंजिन जोडलं. एकही नट अडला नाही.

अंगठा बरा व्हायला महिना गेला. मग मिस्त्री स्वतः फटफटी पोचवायला त्या घरी गेला. दाराला घंटी म्हणून एक काळं बटण दिसलं. त्याने तोच उजवा अंगठा टेकवला.

खट्.

दार उघडलं. आतून तो तरुण धावत आला, चेहरा पांढराफटक.

"काका... ही घंटी नाही. कुलूप आहे हे. आई, मी आणि बाबा... तिघांच्याच अंगठ्याला उघडतं."

मिस्त्री अंगठ्यावर उमटलेल्या नव्या रेषांकडे बघत राहिला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून तरुणाच्या आईचा आवाज आला, सवयीचा.

"अहो, आलात का?"