मध्यस्थाचा तांब्या

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मुरुडच्या शाळेसमोर टँकर आला आणि सातवीचा गणिताचा तास मोडला. शिवकन्या खडू टाकून रांग लावायला धावली. घागरींच्या गर्दीत एक अनोळखी माणूस मध्येच उभा, हातात फिरकीचा पितळी तांब्या.

“ओ, रांगेत या!”

“पाणी नको मला. शाळा कुठं भरते?”

“हितंच. आधी टँकरपाशी, मग आत.”

तो हसला. तिला हसू आलं नाही.

तो पंचाक्षरी, नांदेडला कायदा शिकवणारा. शहाऐंशीच्या या दुष्काळात शिक्षकांच्या कराराची बोलणी अकरा महिने एका वाक्यावर अडली होती: ‘संस्था सांगेल ते काम शिक्षकांनी करावे.’ त्याच वाक्याच्या जोरावर संस्थेचे अध्यक्ष साहेबराव शिक्षकांना टँकरवर उभं करत. लातूर जिल्हा नवा. शिक्षकांच्या तक्रारीचा अर्ज कोणत्या टेबलाचा, हेच कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी शिक्षक संघटनेची चिटणीस म्हणून शिवकन्येनंच बाहेरचा मध्यस्थ मागितला. पंचाक्षरीच्या नावाला साहेबरावही हो म्हणाले.

त्याचा नियम कडक. संस्थेचा चहा नाही, संघटनेचं पाणी नाही. नांदेडहून आणलेला तांब्या दिवसभर पुरवायचा.

“आमच्या पाण्याला वास येतो का?”

“तुमचं पाणी प्यालो की तुमचा झालो.”

“व्हा की,” ती फटकन बोलून गेली… आणि तिचे कान तापले.

तिसऱ्या बैठकीला भर दुपारी तांब्या रिकामा झाला. बोलून बोलून त्याचा आवाज बसला. व्हरांड्यात तिनं न विचारता आपल्या चरवीतलं पाणी त्यात ओतलं. तो तिच्याकडं बघत राहिला — आणि प्याला. एक थेंब तिच्या बोटावर पडला. तिनं तो पुसला नाही.

त्याच संध्याकाळी साहेबराव ते वाक्य खोडायला तयार झाले. सही सोमवारी ठरली.

शुक्रवारी दोन्ही बाजूंना एकच पत्र आलं. ‘मी शिवकन्याबाईंच्या हातचं पाणी प्यालो. यापुढे मला तटस्थ राहता येणार नाही, आणि राहायचंही नाही. मला मोकळं करावं.’ साहेबरावांनी तासाभरात बोलणी रद्द केली.

शनिवारी तो आला तेव्हा ती टँकरपाशीच होती.

“सोमवारपर्यंत दम निघत नव्हता? सही झाल्यावर बोलला असता तर काय बिघडत होतं?”

“साहेबराव म्हणाले असते, बाईपायी केलं. करार फाडला असता.”

“आता न फाडताच गेला! बावीस शिक्षक उन्हात उभे हायत, अन् तुम्ही मला… चिठ्ठ्या लिहून राहिलात!”

“खरं होतं ते लिहिलं.”

“खरं हाय म्हणूनच तर राग येऊन राहिला!”

सगळी रांग वळून बघू लागली. तिनं त्याच्या हातातला तांब्या हिसकावला.

“हा हितंच राहील. सही झाली की न्यायला या. आधी न्हाई.”

“आणि सही झालीच नाही तर?”

ती टँकरकडं वळली.

संघटनेनं देगलूरच्या एका निवृत्त न्यायाधीशांना मध्यस्थीसाठी पत्र लिहिलं आहे. आजच्या टपालापर्यंत उत्तर नाही. तांब्या शिक्षकांच्या खोलीत, खिडकीत आहे. भरलेला.