कोरा नमुना

तळ्याचं पाणी तपासायला निघताना आम्ही एक बाटली इथूनच भरून नेतो. प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी, घट्ट सीलबंद. तळ्याच्या नमुन्यांशेजारी ती पेटीत बसते आणि न उघडता परत येते. हा कोरा नमुना. त्यात काहीही सापडू नये, एवढंच त्याचं काम. सापडलंच, तर दोष आमच्या हाताळणीचा समजून सगळी तपासणी बाद करायची.

त्या तळ्याकाठी माझी धाकटी बहीण राहते. पलीकडच्या शेतांत तणनाशकाची फवारणी झाली होती, आणि तिला सातवा महिना होता.

“दादा, नळाला तळ्याचंच पाणी येतं. पिऊ की नको, एवढंच सांग,” ती फोनवर म्हणाली. “विकतचे कॅन उचलून हे वैतागलेत. म्हणतात, तुझ्या भावाचं यंत्र बहुतेक बारशालाच बोलणार.”

तळ्याचे नमुने स्वच्छ निघाले. तणनाशकाचं टोक उमटलं, ते कोऱ्या नमुन्याच्या आलेखावर.

“बाटली नीट धुतली नसेल,” आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या.

मी नव्या बाटल्या काढल्या, यंत्र धुतलं, पुन्हा गेलो. पुन्हा तेच, टोक मात्र आणखी उंच. सील फोडताच ताज्या कापलेल्या गवताचा वास आला. त्याच पाण्याची दुसरी बाटली मी प्रयोगशाळेतच ठेवली होती. तिच्यात काही नव्हतं.

जागेवर बसवेना. शेवटी नियम मोडून मी कोऱ्या नमुन्याशिवाय तळ्यावर गेलो. तणनाशकाला लपायला कोरी बाटलीच उरली नाही, तर ते तळ्यातच सापडेल, असा माझा हिशेब होता. बहीण चहा घेऊन काठावर आली. मी बाटल्या भरत होतो तोवर शेजारीच उभी होती, पोटावर हात ठेवून.

“लाथा मारतंय,” ती म्हणाली. “मामाला ओळखतं.”

निकाल आला. तळं स्वच्छ होतं.

मी आलेख पुन्हा पाहिला. मग पेटी उघडून पाहिली. पेटीत तळ्याच्या बाटल्यांखेरीज काही नव्हतं.

मग या वेळी ते गेलं कुठे?

त्या दिवशी काठावर आणखी कुठलं बंद, शुद्ध पाणी होतं?

मी फोन लावून निकाल सांगितला.

“स्वच्छ आहे?” ती हसली. “सुटले बाई.”

“तुला बरं वाटतंय ना?” मी विचारलं.

“बरं, गंमत ऐक. तू गेल्यापासून मला गवताचा वास येतोय. ताज्या कापलेल्या. आंघोळ केली तरी जात नाही,” ती म्हणाली. “आतून येतोय, दादा.”