नव्व्याण्णवी

"शेवटचे दोन आकडे कुठं हायेत?" कोंडवाड्याच्या रखवालदारानं, भागवतनं, गायीच्या नंबराचा कुरतडलेला कागद उलटासुलटा करून विचारलं.

"उंदरानं खाल्ले," रेणूचा धाकटा भाऊ किशन म्हणाला.

भागवत हसला, पण रेणूला हसू येईना. दिवाळीची सुट्टी लागली, आईबाबा दोघांना हिरीबाई काकूंवर सोपवून मालेगावहून ऊसतोडीला गेले आणि तिसऱ्याच दिवशी गाय सुटून इथं अडकली. घरी वासरू दोन दिवस उपाशी, बाटलीला तोंड लावत नव्हतं. बाबांचा फोन लागेना. कासरा बांधायचं कोण विसरलं, हे रेणूनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि पाच वाजता लिलाव!

"लाल गाई ढीगभर हायेत. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर पुरा सांगा, मंग न्या."

रेणू बाभळीखाली मटकन बसली. संपलं सगळं. वासरू काही जगत नाही आता.

"ताई, गायीचं नाव नव्व्याण्णवी काहून ठेवलं आपण?"

"हे काय विचारून राह्यला आत्ता? तिचा नंबर नव्व्याण्णवनं..." रेणू थांबली.

बिल्ला मारला त्या दिवशी दोघांनी खेळ म्हणून ताडून पाहिलं होतं. एकाआड एक आकड्यांच्या दोन्ही बेरजा सारख्या आल्या, म्हणून अकरानं भाग गेला. सगळ्यांची बेरीज नऊच्या पाढ्यात आली, म्हणून नऊनंही.

तिनं काडीनं मातीत उरलेले दहा आकडे लिहिले: ३६०२७१४८५९. एक बेरीज एकोणीस, दुसरी सव्वीस.

"सारख्या व्हायला अकरावा आकडा बाराव्याहून सातनं मोठा पाह्यजे."

"सत्तर, एक्क्याऐंशी, नाहीतर ब्याण्णव," किशन म्हणाला. "एकूण बेरीज बावन्न, चोपन्न, छप्पन्न."

"नऊच्या पाढ्यात फक्त चोपन्न. एक्क्याऐंशी!"

भागवतनं रजिस्टर उघडलं. "इथं सत्त्याऐंशी हाय. जा घरी."

रेणूनं सत्त्याऐंशी धरून पुन्हा बेरीज केली. साठ.

"काका, तुमच्या नंबराला नऊनं भागच जात नाही. तुमचंच चुकलं. बिल्ला पुसून पाहा."

लिलावाला जमलेली माणसं खो खो हसली. त्यांतले म्हातारे भिवाजी मात्र म्हणाले, "पाहून घे ना बाप्पा. लेकरू एवढं सांगून राह्यलं."

भागवतनं कुरकुरत तांब्याभर पाणी ओतलं. बिल्ल्यावरच्या शेवटच्या इंग्रजी एकाच्या डोक्यावर आडवा वाळलेला शेणाचा ओघळ विरघळला. सत्त्याऐंशीचे एक्क्याऐंशी झाले.

"न पुसताच लिहिलं होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "सोडा गाय."

संध्याकाळी वासरू पडूनच होतं. गाय हंबरली तेव्हा त्यानं मान उचलली. उठताना दोनदा कोलमडलं, पण कासेला लागलं.

"मोठी हुशार हाय माही पोर," हिरीबाई काकू म्हणाल्या.

"काकू, कासरा बांधायचं मीच इसरली होती."

काकूंनी कासरा तिच्या हातात दिला. "मंग आज तूच बांध."

रेणूनं दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या आणि तिथंच बसून रडली.