एकेचाळीस घरांची पुस्तकं

अकरा महिने झाले, तिच्या पत्राला मी उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र चार ओळींचं. शेवटची ओळ अशी — "नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण गप्प बसू नका." आणि मी नेमका गप्प बसलो. त्रेसष्टाव्या वर्षी माणसाने प्रेमाच्या गोष्टी सांगू नयेत, निदान माझ्यासारख्याने तरी. पण सांगतो.

निवृत्त झालो त्या वर्षी मी सहा महिन्यांसाठी परदेशातल्या एका खेड्यात स्वयंसेवक म्हणून गेलो. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावली होती. तिथलंही वाचनालय लावून द्यायचं होतं. त्यांची भाषा मला वाचता यायची, बोलताना मात्र त-त-प-प व्हायचं.

बसमधून उतरलो आणि हातातल्या खोक्याचा तळ फाटला. शेकडो कोरी कार्डं ओल्या रस्त्यावर! एक सायकल थांबली. खांद्याला टपालाची पिशवी, कानामागे रुपेरी बटा, भुवयांवर भुरभुर पावसाचे थेंब.

"एवढं कोरं टपाल कुणाला?" कार्डं वेचत तिने विचारलं.

"पुस्तकांना... म्हणजे, दर पुस्तकाचं एक कार्ड."

"अरे वा! मग ती उत्तरं पाठवतात का?"

गाव तिला टपालबाई म्हणत असे. मी उतरलो होतो तिच्या भावाकडे, सुतारदादांकडे. ती शेजारच्या घरात एकटी राहायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती.

वाचनालय म्हणजे शाळेमागची एक खोली. भिंतभर कप्पे, आणि कप्प्यांत शिवणकामाशेजारी कविता, कवितांशेजारी गुरांचे आजार. मला बघवेना. "आधी कुणाला विचारा तरी," टपालबाई म्हणाली होती. मी मान हलवली आणि दोन आठवडे खपून सगळं विषयवार लावलं. लोक आले, "छान" म्हणाले आणि रिकाम्या हातांनी परत गेले. पुन्हा कुणी फिरकेना.

"काय चुकलं माझं?" शेवटी मी तिला विचारलं.

"इथला एकेक कप्पा एकेका घराचा होता. पुस्तक न्यायचं ते त्या घराला विचारून. परत द्यायचं ते त्या घरी बसून, कसं वाटलं ते सांगून. माणसाला बोलायला निमित्त नको का? तुम्ही घरंच विस्कटलीत, चष्मेवाले."

लाजेने मी बॅग भरायला घेतली. ती दारात येऊन उभी राहिली.

"पळताय? गुंता ज्याने केला त्यानेच सोडवायचा. उद्या सकाळी माझ्या फेरीबरोबर चला."

गेलो. ती सायकल हातात धरून पुढे, मी वही घेऊन मागे. एकेचाळीस घरं. प्रत्येक दारात एकच वाक्य — "मी चुकलो. तुमची पुस्तकं कोणती?" कुणी हसलं, कुणी बसायला खुर्ची दिली. लोहाराच्या बायकोने तर मला आपादमस्तक न्याहाळलं. "काय गं टपालबाई, हे पार्सल कुणाकडचं?"

"अजून पत्ता लागत नाहीये," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून डोळ्यांनीच हसली... माझे कान तापले. पुढच्या तीन घरांत मी वही उलटी धरली होती, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी सगळे कप्पे पूर्ववत झाले. तिच्या कप्प्यात अर्धी जागा रिकामी होती.

"तुमचं एखादं पुस्तक ठेवून जा ना," ती म्हणाली.

"कुठे?"

ज्या कप्प्यात पुस्तक, त्या घरचा माणूस — एवढं आता मलाही ठाऊक होतं.

"तुम्हीच ठरवा. जन्मभर तेच केलंत ना?"

मी चष्मा पुसत राहिलो... पुस्तक पिशवीतच राहिलं.

परतल्यावर वर्षभराने तिचं पत्र आलं. 'यंदा माझी सायकल मी ठेवून देणार. कप्प्यात जागा अजून आहे, घरातही आहे. याल का?' आणि मग ती शेवटची ओळ.

गेल्या सोमवारी माझ्या धाकट्या बहिणीला ते पत्र शब्दकोशात सापडलं.

"दादा! अकरा महिने?"

"अगं, या वयात तिच्या गळ्यात माझं लोढणं कशाला? माझं बोलणं धड नाही, छातीत कफ. तिला माझ्याहून बरा कुणीतरी—"

"असं ती म्हणाली?"

"नाही."

"मग तिला न विचारता तूच ठरवलंस?"

पुन्हा तेच केलं होतं मी. घर दुसऱ्याचं, आणि मांडणी माझ्या मनाची.

टेबलाशी बसलो. आठ कागद फाडले. नवव्यावर लिहिलं — 'चुकलो. उशीर फार झाला, पण मला यायचं आहे. पुस्तक तुमच्या कप्प्यात ठेवायचं आहे. ठेवू का? माझं तुमच्यावर प्रेम आहे. हे कुठल्या विषयाखाली लावतात ते मला माहीत नाही, म्हणून सरळ लिहितो.'

"उद्या टाक, ऊन बघ केवढं आहे," बहीण म्हणाली.

"उद्या मी पुन्हा वाचेन, आणि मग फाडेन."

चपला पायात सरकवल्या. पोस्टातल्या माणसाने पाकीट वजनाला ठेवलं. "साधं की रजिस्टर?"

"लवकर पोचेल ते."

त्याने तिकिटं चिकटवली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.